तुम्ही विचारलंत म्हणून: डीपीवरचा तो माणूस कोण?

रावपुऱ्यात भेटा नाहीतर कोणाच्या लग्नात, प्रश्न ठरलेला, "काका, डीपीवर तो गोरा दांडगा कोण, आणि बडोद्याचे असून तुम्ही फुटबॉलच्या नादाला कसे लागलात?" क्रिकेटमधले हजारे, पठाण, पंड्या सगळे आपलेच, मान्य. पण डीपीवर रिकी लॅम्बर्टच राहणार.

स्ट्रायकर होता तो, इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनमधला. लिव्हरपूल या बड्या क्लबने १५ व्या वर्षी घरी पाठवलं, मग ब्लॅकपूल क्लबनेही सोडलं, तेव्हा पठ्ठ्या एका फॅक्टरीत बीटच्या बरण्यांना झाकणं लावायचा आणि सोबत मॅकल्सफील्डमध्ये प्रॅक्टिस. मग स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स असे छोटे क्लब. नावंच ऐकली नसतील तुम्ही, मीही नव्हती.

खाली काय होतं बघा, सीझनच्या ४६ लीग मॅच, चिखलात, डिफेंडर पाठीत कोपर घालतोय, आणि मे महिन्यात क्लब यादी लावतो कोणाला ठेवलं कोणाला सोडलं, ३० जूनला कॉन्ट्रॅक्ट संपलं की बॅग भरा. इथल्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, मी स्वतः कॉन्ट्रॅक्टवर काढलीत वर्षं, मार्च जवळ आला की कॅन्टीनमध्ये कोणी मोठ्याने बोलत नाही, त्यामुळे ही यादी म्हणजे काय ते मला कोणी समजावून सांगायला नको. त्यातून स्ट्रायकरचं काम तर सगळ्यांना दिसतं, गोल किती तेवढंच विचारतात, बाकी धावपळ गेली खड्ड्यात.

लॅम्बर्टने गोल दिले. २००८-०९ ला ब्रिस्टल रोव्हर्सकडून २९, मग साऊदम्प्टनने घेतला, तेव्हा तेही तिसऱ्या डिव्हिजनला, वर पैशाच्या भानगडीत उणे १० पॉइंटने सुरुवात, तरी याचे लीगमध्ये ३० गोल! २०१२ ला टीम थेट प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजनला. ऑगस्ट २०१३ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडकडून पहिली मॅच, वय ३१, बदली म्हणून उतरला आणि तीनेक मिनिटांत कॉर्नरवर हेडर, पहिल्याच टचला गोल. तो व्हिडिओ मी कोणालाही दाखवतो, मागितला नाही तरी.

लोकांना ही वेम्बलीची गोष्टच आवडते, मला खरं तर रॉचडेलची वर्षं जास्त भारी वाटतात, कोणी बघत नसताना दर शनिवारी तेच काम. अजूनही शनिवारी मी त्या खालच्या लीगचे स्कोअर बघत बसतो, तिकडे दुपारचे ३ म्हणजे थंडीत आपले रात्रीचे साडेआठ, नेमकी जेवायची वेळ, बायको म्हणते आधी तो मोबाईल ठेवा मग पोळी मिळेल.

आणि हो, २०१४ ला लिव्हरपूलने त्याला परत घेतला, ज्यांनी हाकललं त्यांनीच पैसे मोजून. तिथे लीगमध्ये २ गोल, बाकी बेंचवर. तो सीझन मी फारसा बघितलाच नाही.