माझ्या दुकानात गप्प, काकांकडे गेला की बोंब

डिचोलीत माझं कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान आहे, छोटंसंच. गेल्या पावसाळ्यात साखळीहून एक झेरॉक्सवाले काका त्यांचा सीपीयू घेऊन आले (खरा सीपीयू म्हणजे आतली प्रोसेसरची चिप, पण आपल्याकडे अख्ख्या डब्याला सीपीयूच म्हणतात, मी समजावायचं सोडून दिलंय). म्हणाले, पंखा असा ओरडतो की गिऱ्हाईक विचारतं आत पिठाची चक्की लावलीय काय.

आडवा टाकला, साईडचं झाकण काढलं, आत नेहमीची लाल धूळ. आमच्या भागात खाणीच्या ट्रकांची ही धूळ कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही. ब्लोअर मारला, मारताना पात्याला बोट लावून धरायचं, नाहीतर हवेनेच पंखा भन्नाट फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा कूलर (धातूचा ठोकळा आणि त्यावर पंखा) यांच्यामधली गरमी वाहून नेणारी पेस्ट पार वाळून खडू झालेली, ती बदलली, कूलरच्या चारही पिना मदरबोर्डमध्ये (आतल्या मुख्य पाटीत) टक् टक् दाबून बसवल्या. दोन तास चालवला, एकदम शांत.

संध्याकाळी फोन. "परत सुरू जालो रे!"

दुसऱ्या दिवशी परत आणला. टेबलावर ठेवून चालू केला तर आवाजच नाही! एकेक पंखा मधल्या टोपीवर बोट ठेवून क्षणभर थांबवून बघितला, पॉवर सप्लायचा सोडून, तो डबा मी उघडतच नाही, बंद करून पण त्यातल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. मागचा केबिनेट फॅन जरा हलत होता तेवढ्यावरून तोच गुन्हेगार ठरवला, नवीन लावला, पैसे घेतले. आणि रात्री परत फोन. आता मला लाज वाटायला लागली, काका काही बोलत नव्हते पण त्यांचा सूर बदललेला.

मग पावसातच स्कूटर काढून साखळीला गेलो. सीपीयू टेबलाखाली उभा. चालू केला, तीन-चार मिनिटं ठीक आणि मग आवाज चढत गेला, आणि तेव्हा पहिल्यांदा मी तो नीट ऐकला. खरखर नव्हतीच, सों सों होतं, मिक्सर शेवटच्या नंबरवर टाकल्यासारखं. खरखर असेल तर बेअरिंग गेलं म्हणायचं, पण नुसता वारा ओरडतोय म्हणजे पंखा ठणठणीत आहे, त्याला कोणीतरी पळवतंय. चार वायरींचा फॅन असला की मदरबोर्ड प्रोसेसरच्या गरमीप्रमाणे त्याचा स्पीड ठरवतो. बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडतं ते सेटिंगचं पान) गेलो तर नुसतं बसल्या जागी टेंपरेचर 90 च्या वर!

बंद केला, झाकण काढायला काउंटरवर आडवा टाकला, तसाच परत चालू केला. 45. पंखा गप्प.

च्यायला, माझ्या टेबलावर हा कायम आडवाच असतो की!

टॉर्च मारून मदरबोर्डच्या मागे बघितलं, कूलरच्या वरच्या कोपऱ्यातल्या एका पिनेचा पाय तुटलेला. आडवा असताना कूलर स्वतःच्या वजनाने प्रोसेसरवर दाबून बसतो, उभा केला की वरून सुटून किंचित पुढे कलतो, मध्ये फट पडते आणि प्रोसेसर तापतो. मी पेस्ट बदलली त्या दिवशीच मागून एक नजर टाकायला हवी होती, पण टक् वाजलं म्हणजे बसलं असं धरून चाललो.

डिचोलीला जाऊन भंगारातल्या एका कूलरच्या पिना काढून आणल्या, बसवल्या, उभा करून अर्धा तास तिथेच बसलो, काकींनी चहा दिला. काका म्हणाले, "म्हणजे फॅनाचो कितेंच दोष ना?" नाही म्हटलं, आणि केबिनेट फॅनचे पैसे परत दिले. त्यांनी निम्मेच घेतले, वर एक नीरफणस दिला.

तो काढलेला जुना फॅन आता माझ्या दुकानातल्या पीसीला लावलाय. वर्ष होत आलं, अजून मस्त फिरतोय.