तुम्ही विचारलंत म्हणून: लाखोंच्या डेटात एखादी चूक बुडून जात नाही का?

‘लाखो माणसांचा डेटा एकत्र करता, मग कुठल्या एका केंद्राची चूक त्यात बुडून नाही का जाणार?’ उंचीसारख्या गुणांशी डीएनएमधले कुठले बदल जोडलेले आहेत ते शोधायला मी अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करते. हे काम सांगितलं की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. इकडेतिकडे विखुरलेल्या चुका एकमेकींना खोडतात, हे खरंच. पण एकाच बाजूला झुकलेली चूक विरत नाही. जितकी माणसं जास्त, तितकी ती खऱ्या शोधासारखी ठाम दिसायला लागते.

देशोदेशींच्या गटांकडून आमच्याकडे येतात त्या निकालांच्या फायली: गुणसूत्रावरची जागा, तिथलं डीएनएचं अक्षर (ए, टी, सी किंवा जी), त्याची वारंवारता म्हणजे ते किती प्रमाणात आढळतं, उंचीवरचा त्याचा परिणाम आणि प्रमाण त्रुटी, म्हणजे तो अंदाज किती अनिश्चित आहे ते. समजा, एका जागी काहींकडे ए असतं, काहींकडे टी. डीएनएच्या दोन धाग्यांत ए समोर टीच असतो. एका गटानं एक धागा वाचला आणि दुसऱ्यानं समोरचा, तर दोन्ही फायलींत अक्षरं तीच, अर्थ मात्र उलटा. उंची वाढवणारं अक्षर कमी करणारं ठरतं. सी-जी जोडीचंही तेच. म्हणून प्रत्येक फायलीतली वारंवारता संदर्भ नमुन्याशी (ज्यातली अक्षरं नीट माहीत आहेत अशा लोकांच्या डेटाशी) ताडून आलेख काढायचा. ठीक असलेले ठिपके एका कर्णावर बसतात, उलटलेले दुसऱ्या कर्णावर. वारंवारता 0.5 च्या आसपास, म्हणजे दोन्ही अक्षरं जवळपास सारखीच आढळत असतील तर आलेखही काही सांगू शकत नाही. अशा जागा मी वगळते. माहिती वाया जाते अशी तक्रार येते; येऊ दे.

आलेखात न दिसणारी चूक याहून अवघड. जायंट या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाचा उंचीवरचा अभ्यास 2014 मध्ये आला: युरोपीय वंशाची सुमारे 2,53,000 माणसं, उंचीशी निगडित 697 डीएनए-बदल. अशा निकालांच्या आधारे, उत्तर युरोपात नैसर्गिक निवडीनं उंची वाढली, असं मांडलं गेलं. 2019 मध्ये दोन संशोधक गटांनी तेच यूके बायोबँकच्या (ब्रिटनमधल्या लोकांच्या आरोग्य आणि जनुकीय माहितीच्या मोठ्या साठ्याच्या) डेटावर तपासलं, तेव्हा तो पुरावा बराचसा ओसरला. उत्तर आणि दक्षिण युरोपातल्या लोकांच्या वंशातल्या फरकाची किंचित कसर आधीच्या निकालांत उरली होती. एकेका जागेपुरती नगण्य, पण असंख्य जागांची बेरीज केल्यावर तिचाच आकडा झाला. ते 697 बदल त्यामुळे खोटे ठरले नाहीत, बेरजेवर उभा केलेला निष्कर्ष डळमळला.

आता अशाच बेरजांवरून आजाराचा धोका सांगितला जातो. म्हणून फाइल खटकली की मी विचारते: कुठला धागा, जागा मोजायला संदर्भ जनुकसंचाची कुठली आवृत्ती, उंची कुठल्या एककात? उत्तर येईपर्यंत तो गट बाहेर राहतो, प्रकल्प लांबला तरी.