तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या डेस्कटॉपला कुठलं लॅन कार्ड टाकू?

पावसाळा सुरू झाला की हा प्रश्न मला लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, कुठेही गाठतो. इकडे नौपाड्यात जुन्या बिल्डिंगींना नेटची वायर अजून या गच्चीवरून त्या गच्चीवर लोंबत येते, आणि जवळपास वीज पडली की झटका त्या वायरीतून थेट मदरबोर्डावरच्या लॅन पोर्टात, म्हणजे नेटची वायर खोचतो त्या भोकात. तो जळला की वेगळं लॅन कार्ड टाकावं लागतं. माझाही असाच उडालाय, त्यामुळे सल्ला अनुभवाचा आहे.

आधी एक करा, तीच वायर दुसऱ्या लॅपटॉपला लावून बघा. अर्ध्या लोकांचा पोर्ट ठणठणीत असतो, वायरच गेलेली असते. १०० एमबीपीएसला वायरीतल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला (म्हणजे १००० एमबीपीएसला) चारही, म्हणून उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली की नेट चालू राहतं पण स्पीड शंभरच्या वर जात नाही आणि आपण उगाच कार्डाला शिव्या घालतो.

पोर्ट खरंच गेला असेल तर कॅबिनेट उघडा आणि स्लॉट बघा, दुकानात नंतर जा. लांब, बहुतेक पांढरा असतो तो पीसीआय, आणि बोटाच्या पेराएवढा छोटुकला तो पीसीआय एक्सप्रेस एक्स-वन. छोटा असेल तर डोळे झाकून एक्सप्रेसचं गिगाबिट कार्ड घ्या. छोटा नसेल पण ग्राफिक्स कार्डाचा लांब एक्सप्रेस स्लॉट रिकामा असेल तर सहसा त्यातही ते चालतं, हे दुकानदार सांगत नाहीत. फक्त पीसीआयच असेल तर तेही वाईट नाही हो, पण ती अख्खी बस, म्हणजे डेटा जायचा रस्ता, सेकंदाला १३३ मेगाबाइटची आणि सगळी कार्डं तीच वाटून घेतात, सो गिगाबिटचा पूर्ण स्पीड विसरा. घरी १०० चा प्लॅन असेल तर काय फरक पडतो? वरच्या मजल्यावरच्या काकांना मी माझ्या ड्रॉवरमधलं जुनं रियलटेक ८१३९ बसवून दिलं, जेमतेम १०० चं कार्ड, पण त्यांचे नातवंडांचे व्हिडिओ कॉल मस्त चालतात.

विकत घेताना डब्यावरचं नाव बघू नका, चिप बघा. रियलटेक ८१११ किंवा ८१६८ स्वस्त आणि पुरेशी, इंटेलची ८२५७४ मिळाली तर अजून छान, पण तिच्या नावावर नकली कार्डंही खपवतात. अडीच गिगाबिटवालं घेऊ का, हेही विचारतात. राउटर तेवढा नसेल तर कशाला? यूएसबीचं अडॅप्टर मला फारसं आवडत नाही, जुन्या मशीनला यूएसबी २ असतं आणि तिथे ४८० एमबीपीएस ही कागदावरची कमाल.

कॅबिनेट बारीक असेल तर कार्ड मागे स्क्रूने बसवायची अर्ध्या उंचीची पट्टी सोबत येते का ते विचारून घ्या, मी विचारलं नव्हतं आणि पट्टी काढून कार्ड तसंच खोचून दोन महिने काढले, वायर ओढली गेली की नेट गायब. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नसेल तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग करा, म्हणजे मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला द्या, आणि उतरवून घ्या. आणि बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन तो जळका ऑनबोर्ड लॅन डिसेबल करायचा राहू देऊ नका, माझं मशीन त्याच्यापायी बूट होताना अडकायचं.