झेरमाटभोवतालच्या शिखरांची पुठ्ठ्याची प्रतिकृती : नोंद चौथी, 3800 मीटरपर्यंत

मागची नोंद लिहिली तेव्हा काम 2950 मीटरच्या थरापर्यंत आले होते. आता 57 वा थर, म्हणजे 3800 मीटरची समोच्च रेषा, चिकटवून झाला आहे आणि उरलेले 16 थर कापून, क्रमांक घालून, मिठाईच्या चपट्या खोक्यांत ठेवले आहेत. ही नोंद प्रथमच वाचणाऱ्यांसाठी मोजमापे पुन्हा देतो. प्रमाण 1:50,000 आहे. चौकट पूर्व-पश्चिम 36 आणि दक्षिणोत्तर 28 किलोमीटर, म्हणजे 72 बाय 56 सेंटिमीटर, असून तळ 1000 मीटरला धरला आहे आणि त्याखालची दरी सपाट केली आहे. पुठ्ठा बाइंडिंगवाल्यांकडे मिळतो तो, एक मिलिमीटर जाडीचा. दर 50 मीटरला एक थर घेतल्यामुळे आडवे आणि उभे प्रमाण एकच राहते, असा माझा हिशेब होता. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना अंदाज यावा म्हणून सांगतो की स्वित्झर्लंडमधले झेरमाट गावच 1608 मीटरवर आहे आणि आपली कळसूबाई, 1646 मीटर, या प्रतिकृतीत तेराव्या थरावर संपते. एकूण प्रतिकृतीत त्यावर आणखी 60 थर येतात.

वरचा हिशेब प्रत्यक्षात चुकला. चाळिसावा थर बसल्यावर कोपऱ्यात पट्टी उभी धरली, तर उंची 40 ऐवजी साडेत्रेचाळीस मिलिमीटर भरली. पावसाळ्याच्या दमट हवेत पुठ्ठा फुगलेला होता आणि फेविकॉलही मी सढळ हाताने लावला होता. दोन्ही मिळून आल्प्स पावणेदोनशे मीटरांनी उंच झाला. त्यानंतर फेविकॉलमध्ये थोडे पाणी घालून तो ब्रशने पातळ पसरला आणि प्रत्येक थर ओळखीच्या एका बाइंडरच्या प्रेसमध्ये रात्रभर दाबून ठेवला, तेव्हा पुढच्या 17 थरांची उंची साडेसतरा मिलिमीटर आली. आजची एकूण उंची 61 मिलिमीटर आहे, म्हणजे उभे प्रमाण सात टक्क्यांनी ताणले गेले आहे. डोळ्यांना ते जाणवत नाही, म्हणून तसेच ठेवले. हे काम करू पाहणाऱ्यांनी मात्र पहिल्या दहा थरांनंतरच पट्टी लावावी.

या टप्प्यावर जो प्रश्न पुढे ढकलत आलो होतो तो समोर ठाकला : झेंडे कोणत्या शिखरांवर लावायचे? सुरुवातीला उत्तर सोपे वाटले होते. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाने, म्हणजे यू.आय.ए.ए.ने, 1994 मध्ये आल्प्समधील 4000 मीटरवरील 82 शिखरांची यादी ठरवली आणि त्यांपैकी तीसहून अधिक शिखरे माझ्या चौकटीत येतात. तेव्हा टाचणीला लाल कागद चिकटवायचा, 4000 च्या वरचा प्रत्येक माथा टोचायचा आणि मोकळे व्हायचे, असे ठरले होते. वरचे 16 थर न चिकटवता नुसते रचून पाहिले तेव्हा या योजनेतली खोट दिसली. मोंते रोझा या अनेक माथ्यांच्या डोंगराच्या एका ढिगाऱ्यावर टाचण्यांचे जंगल झाले आणि खोऱ्यापलीकडे एकट्याने उभ्या असलेल्या डोंगरांनाही त्यांच्याइतकीच एकेक टाचणी मिळाली.

महासंघाच्या यादीला अर्थातच निकष आहे. शेजारच्या खिंडीपासून माथा निदान 30 मीटर वर उठलेला असावा, ही त्यातली मुख्य अट. तिच्या जोडीला शिखराचे रूप आणि गिर्यारोहणातील त्याचे महत्त्वही विचारात घेतलेले आहे. त्यामुळेच बाल्मेनहॉर्नसारखा, हिमनदीतून डोके काढणारा आणि येशूचा ब्राँझचा पुतळा असलेला खडकही यादीत आला आहे. चढणाऱ्यांच्या दृष्टीने ही यादी योग्य असेल. पुठ्ठ्याच्या दृष्टीने तिचा उपयोग नाही, कारण 30 मीटर म्हणजे माझ्या एका थराहूनही कमी.

म्हणून शिखराचा प्रॉमिनन्स, ज्याला मी यापुढे उठाव म्हणतो, तो मोजायचे ठरवले. त्याची व्याख्या शब्दांत सांगितली की गोंधळ होतो, थरांवर दाखवली की लगेच पटते. एखाद्या माथ्यावरून एकेक थर खाली उतरत जायचे आणि त्या माथ्याचा तुकडा त्याच्याहून उंच असलेल्या शेजाऱ्याच्या तुकड्याला कोणत्या थरावर जोडला जातो ते पाहायचे. तिथली खिंड ते माथा ही उंची म्हणजे त्याचा उठाव.

मॅटरहॉर्नवर हे करून पाहिले. माथा 4478 मीटर. 4450 चा सर्वांत वरचा तुकडा जेमतेम चार मिलिमीटर लांब आणि मिलिमीटरभर रुंद आहे, तो चिमट्यानेच उचलावा लागतो. तिथून खाली 3500 च्या थरापर्यंत मॅटरहॉर्न चारही बाजूंनी सुटा आहे. 3450 च्या थरावर तो पश्चिमेकडच्या दाँ देराँला जोडला जातो; परंतु दाँ देराँ 4174 मीटर, म्हणजे मॅटरहॉर्नहून ठेंगणा, त्यामुळे मोजणी तिथे थांबत नाही. आणखी एक थर उतरल्यावर, 3400 च्या थरावर, उत्तरेकडची धार सलग होते आणि त्या धारेच्या टोकाला 4506 मीटरचे वाइसहॉर्न उभे असते. मॅटरहॉर्नचा उठाव 1042 मीटर छापलेला मी कितीदा वाचला होता, पण त्यातले 42 कुठून आले हे दोन पुठ्ठे हातात धरल्यावर समजले.

त्यानंतर ज्या शिखराने मला चकित केले ते वाइसमीस. सास खोऱ्याच्या पूर्वेला असलेले हे शिखर 4000 ची रेषा कशीबशी ओलांडते. पूर्वी त्याची उंची 4023 मीटर छापली जात असे. माथ्यावर बर्फाचे टोपण असल्यामुळे ती घटत जाऊन आता नकाशावर 4013 आहे. उंचीच्या यादीत तळाशी बसणाऱ्या या डोंगराचा उठाव मात्र सुमारे 1180 मीटर, म्हणजे मॅटरहॉर्नहून अधिक आहे. कारण थरांत स्पष्ट दिसते : सासचे खोरे त्याला पश्चिमेच्या साऱ्या गर्दीपासून खोलवर तोडते आणि दक्षिणेची धारही 3000 मीटरच्या खाली उतरल्यावरच उंच शेजाऱ्याकडे वळते. छायाचित्रांत वाइसमीस मागच्या रांगेत असते. प्रतिकृतीवर पूर्वेची बाजू सबंध त्याच्या मालकीची आहे.

याच्या अगदी उलट गत नॉर्डएंडची. उंची 4609 मीटर, आल्प्समधल्या सर्वांत उंच माथ्यांपैकी एक. पण मोंते रोझाचा सर्वोच्च माथा ड्युफूरस्पिट्झे आणि नॉर्डएंड यांच्यामधली खिंड 4515 मीटरवर असल्याने उठाव फक्त 94 मीटर. माझ्याकडे त्याचे दोनच सुटे तुकडे येतात, 4550 चा आणि 4600 चा. पहिला तांदळाच्या कणीएवढा आहे. दुसरा कापण्यासारखा नव्हताच, तिथे शाईचा ठिपका दिला. सिग्नालकुप्पेवर, 4554 मीटरवर, 1893 पासून मार्गेरिता हे विश्रामगृह उभे आहे. तेही ठिपक्यातच बसवावे लागेल.

स्वतः ड्युफूरस्पिट्झेने मात्र हिशेब चौकटीबाहेर नेला. 4634 मीटरच्या या माथ्याहून उंच शेजारी शोधायचा तर माँ ब्लाँकडे जावे लागते आणि वाटेतली सर्वांत खालची जागा म्हणजे 2469 मीटरची ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड. उठाव 2165 मीटर, पण ती खिंड माझ्या फळीच्या पश्चिम कडेपलीकडे, टेबलावरून खाली कुठेतरी आहे. या शिखराला 1863 मध्ये स्वित्झर्लंडच्या संघीय मंडळाने ज्यांचे नाव दिले, त्या गिओम-आन्री ड्युफूर यांच्या देखरेखीखाली त्या देशाचा पहिला पद्धतशीर नकाशा 1:1,00,000 प्रमाणात तयार झाला. त्यात उतार दाखवायला बारीक रेघोट्या वापरल्या होत्या. समोच्च रेषा 1870 नंतरच्या झीगफ्रीड नकाशात आल्या आणि त्यात उंच डोंगराळ भागासाठी प्रमाण 1:50,000 होते. माझे प्रमाण तेच निघावे हा योगायोग, पण मला तो आवडला.

तेव्हा निर्णय असा : 4000 वरील माथ्यांना लाल ठिपका, टाचणी नाही. टाचणीवरचा पांढरा झेंडा हजार मीटरांहून अधिक उठाव असलेल्यांनाच. चौकटीत असे पाचच निघतात : ड्युफूरस्पिट्झे, वाइसहॉर्न, वाइसमीस, डोम आणि मॅटरहॉर्न. दाँ ब्लाँश थोडक्यात हुकले याचे वाईट वाटते, कारण ते कापताना सर्वांत जास्त मजा आली. पण एकदा सवलत दिली की पुन्हा जंगल माजेल.

आता विदेविषयी, म्हणजे उंचीच्या डेटाविषयी, कारण मागच्या वेळी काही जणांनी विचारले होते. सुरुवातीला सगळीकडे कोपर्निकस या युरोपीय उपग्रह-कार्यक्रमाची 30 मीटर जाळीची उंची वापरली आणि क्यू-जी-आय-एस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत रेषा काढल्या, तेव्हा मॅटरहॉर्नची 4450 ची रेषा उमटलीच नाही. अणकुचीदार माथा 30 मीटरच्या चौकोनात सरासरीने बोथट होतो. स्वित्झर्लंडच्या नकाशा खात्याने, म्हणजे स्विसटोपोने, 2021 पासून आपली विदा विनामूल्य खुली केली आहे. ती घेतल्यावर रेषा परत आली. ही विदा सीमेपाशी संपते, त्यामुळे दक्षिणेला इटलीच्या बाजूसाठी जुनी जाळीच ठेवली आणि दोन्हींचा सांधा नेमका मोंते रोझाच्या धारेवर आला. तिथून इटलीतील माकुन्यागा गावाच्या बाजूला पूर्वेची भिंत सुमारे 2400 मीटर कोसळते, म्हणजे 48 थरांच्या कडा जवळजवळ एकीवर एक येतात. सांध्यावर रेषा मिलिमीटरभर सरकलेल्या होत्या. त्या हाताने जुळवल्या, आणि लहानपणी दिवाळीच्या किल्ल्याचा बुरूज ढासळला की ओल्या मातीचा एक गोळा थापून काम भागत असे, त्याची फार आठवण झाली.

एक चूक मात्र हाताने जुळणारी नाही. उत्तरेची कड आखताना मी वाइसमीस आत आले एवढेच पाहिले. त्याच्या शेजारचे लागिनहॉर्न, 4010 मीटर, चौकटीबाहेर जेमतेम दीड सेंटिमीटरवर राहिले. त्याची दक्षिण सोंड फळीच्या कडेशी कापल्यासारखी थांबते आणि ते दर वेळी डोळ्यांना खुपते. उत्तरेला तीन सेंटिमीटरांची पट्टी जोडायची तर सगळेच थर पुन्हा काढावे लागतील, मात्र प्रत्येक तुकडा अरुंद असल्याने एकूण पुठ्ठा फार लागणार नाही. पट्टीच्या रेषा काल काढून ठेवल्या आहेत. आधी 3850 चा थर चिकटवतो. डोम आणि टेशहॉर्न यांचा तुकडा अजून सलग आहे आणि 4300 पर्यंत तो दुभंगायचा नाही, त्यामुळे पुढचे आठ-नऊ थर तिथे तरी सोपे जातील.