घरं बदलतात, रस्ते राहतात

सोमवार, रात्री

आज नगररचनेच्या वर्गाच्या स्टुडिओत दिवसभर एकच काम होतं: प्रस्तावित रस्त्यांचं जाळं. यंदाच्या सत्रात शहराच्या कडेचा एक भाग आमच्याकडे आहे. तिथे थोडी शेतं आहेत, थोडी विरळ वस्ती आणि मधून वाहणारा एक ओढा. वीस वर्षांनंतर तिथे किती माणसं राहतील याचा अंदाज बांधायचा आणि त्यांच्यासाठी आराखडा करायचा. निवासी भागाचा पिवळा, व्यापारी भागाचा निळा असे रंग भरायला सगळ्यांचे हात शिवशिवत होते. मॅडमनी मात्र बजावलं, "रंग नंतर. आधी रस्ते टाका."

हे त्या का सांगतात ते आता पुरतं पटलंय. इमारत पन्नास, फार तर शंभर-दीडशे वर्षं उभी राहते. तिचा वापर तर त्याहून झपाट्याने बदलतो: गोदामात लोक राहायला येतात, राहत्या घरांत कार्यालयं थाटली जातात. भूखंडाची हद्द जास्त चिवट असते, कारण तिच्यामागे मालकीचे कागद असतात. आणि सगळ्यांत चिवट रस्ता. एकदा त्याच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या मालकांची घरं उभी राहिली की त्या सगळ्यांना एकाच वेळी हलवल्याशिवाय तो हलत नाही. शिवाय त्याच्या पोटात पाण्याच्या नळ्या, सांडपाणी आणि विजेच्या तारा जातात. मग त्याला हात लावायला कुणी धजावत नाही.

रोममधला पियाझ्झा नव्होना याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण आहे. सम्राट डोमिशियनने इ. स. ८६ च्या सुमारास तिथे खेळांच्या स्पर्धांसाठी मैदान बांधलं. पुढे साम्राज्य गेलं, स्पर्धा गेल्या. प्रेक्षकांच्या बसायच्या जागेवर लोकांनी घरं बांधली, मधली मोकळी जागा मात्र तशीच राहिली. आज वरून पाहिलं तर एका टोकाला गोलावा असलेला तो लांबट आकार जसाच्या तसा दिसतो.

लंडनचंही तसंच. १६६६ च्या आगीत तेरा हजारांहून अधिक घरं जळाली आणि जुन्या शहराचा बहुतेक भाग सपाट झाला. आग विझल्यावर काही दिवसांतच वास्तुकार क्रिस्टोफर रेनने रुंद, सरळ रस्त्यांचा नवा नकाशा राजापुढे ठेवला. नवं शहर आखायला याहून मोकळी जागा कुणाला मिळणार? पण जमीन मोकळी झाली तरी मालकी जळली नव्हती. भरपाईला पैसा नव्हता आणि लोकांना लवकर डोक्यावर छप्पर हवं होतं. मोजके रस्ते रुंद झाले, एखाददुसरा नवा निघाला, बाकी शहर जुन्याच गल्ल्यांवर उभं राहिलं. १६६७ च्या कायद्याने घरं विटांची किंवा दगडांची हवीत असं ठरवलं आणि घराची उंची समोरच्या रस्त्याच्या दर्जाशी बांधली. मला ही तडजोड फार शहाणपणाची वाटते. जे बदलणं शक्य होतं ते त्यांनी ठामपणे बदललं.

बुधवार

सर्वेक्षण. घरोघरी प्रश्नावली घेऊन फिरलो: माणसं किती, कामाला कुठे जाता, कशाने जाता, पाणी कुठून येतं. आमचे प्रश्न संपले की समोरून एकच प्रश्न यायचा, "रस्ता कुठून जाणार?" आम्ही विद्यार्थी आहोत, हा अभ्यासाचा नकाशा आहे, असं सांगितलं तरी विचारणाऱ्याची नजर हातातल्या कागदावरून हटत नव्हती. एका आजीने तर बोट ठेवून विचारलं, "यात माझं घर कुठं आहे बाळा?" मी दाखवलं. बेस मॅपवर, म्हणजे आमच्या मूळ नकाशावर, ते चार मिलिमीटरची चौकोनी खूण होऊन बसलंय.

परत आल्यावर हिशोब केला. एक किलोमीटर लांबीचा रस्ता १२ मीटरवरून १८ मीटर करायचा म्हटलं तर ६,००० चौरस मीटर जमीन लागते. एका घराची जागा १०० चौरस मीटर धरली तर साठ घरं. नकाशावर मात्र फरक इतकाच की रेषा किंचित जाड होते. आमच्या वर्गात वाहतुकीचं गणित उत्तम शिकवतात: लोकांच्या प्रवासाच्या फेऱ्या किती निर्माण होतील, कुठून कुठे जातील, कशाने जातील, कुठल्या रस्त्यावर पडतील. त्या गणिताच्या शेवटी रुंदीचा आकडा येतो. माझं मत असं झालंय की प्रत्येक रुंदीच्या आकड्याशेजारी त्या जमिनीवर आज कोण राहतं हा आकडाही सक्तीने लिहिला पाहिजे, त्याच तक्त्यात, त्याच आकाराच्या अक्षरात.

पण रस्ता आखलाच नाही तर? तेही पाहून झालंय. वस्ती आधी वाढते, मग रुग्णवाहिकेला वळायला जागा नसते, पाण्याची मोठी नळी टाकायला जागा नसते, बस आत येत नाही. आणि मग कधीतरी रुंदीकरण येतं, तेव्हा साठाऐवजी सहाशे घरांचा प्रश्न झालेला असतो. म्हणून रेष आधीच आखावी लागते, जमिनीवर माणसं कमी असताना.

न्यूयॉर्कमध्ये हेच केलं होतं. १८११ च्या आराखड्याने मॅनहॅटनवर उत्तरेकडे १५५ व्या रस्त्यापर्यंत उभ्या-आडव्या रस्त्यांची चौकट आखली. शहराची वस्ती तेव्हा बेटाच्या दक्षिण टोकाशी होती, वर शेतं, टेकड्या आणि दलदल. सर्वेक्षण करणारा जॉन रँडेल लोकांच्या शेतांतून मोजणी करत फिरायचा, म्हणून जमीनमालकांनी त्याच्यावर अतिक्रमणाचे खटले भरले, त्याला अटकही झाली. (आजचा दिवस आठवून हे वाचताना त्या मालकांचा राग मला परका वाटला नाही.) त्या चौकटीने पुढची दोनशे वर्षं पेलली: आधी बैठी घरं, मग चाळीवजा इमारती, मग गगनचुंबी मनोरे. रेषा त्याच.

मात्र त्या नकाशात मोठ्या उद्यानाला जागा ठेवली नव्हती. शहर वाढलं, गरज भासली आणि १८५० च्या दशकात सेंट्रल पार्कसाठी जमीन घ्यावी लागली. तिथे तोवर सेनेका व्हिलेज नावाची वस्ती उभी राहिली होती. बहुतांश कृष्णवर्णीय कुटुंबं, त्यांची स्वतःची जमीन, चर्च, शाळा. १८५७ मध्ये ती रिकामी केली गेली. उद्यान अप्रतिम आहे यात वाद नाही. पण १८११ साली कागदावर एक मोठा आयत मोकळा सोडला असता तर त्या लोकांनी तिथे संसार मांडलेच नसते. आमच्या शाखेत उशिराची किंमत बहुतेक वेळा ज्यांच्या हातात सत्ता नसते तेच भरतात.

शुक्रवार, ग्रंथालयातून आल्यावर

आज स्पेनमधल्या बार्सिलोनाच्या, सेर्दाने आखलेल्या शहराच्या, अभ्यासाला बसले होते. इल्देफोन्स सेर्दा मूळचा स्थापत्य अभियंता. तटबंदीच्या आत कोंडलेल्या शहरात कामगार कसे राहतात याचं त्याने बारकाईने सर्वेक्षण केलं: घरं, मजुरी, खर्च, आजार, मृत्यू. तटबंदी पाडायला लागल्यावर १८५९ मध्ये त्याचा विस्तार-आराखडा मंजूर झाला. ११३ मीटर बाजूचे चौक (म्हणजे चारही बाजूंना रस्ते असलेले इमारतींचे चौकोन), २० मीटरचे रस्ते, आणि प्रत्येक चौकाचे कोपरे छाटलेले. मोटारगाडी अजून जन्मायची होती, पण वाफेवर चालणारी वाहनं एक दिवस घरांच्या दारांतून जातील आणि त्यांना वळायला जागा लागेल हे त्याने ओळखलं होतं. कोपरा छाटल्याने नाक्यावर उजेड येतो, समोरून येणारा दिसतो आणि माणसाला थांबायला जागा मिळते.

प्रत्येक चौकाच्या दोनच बाजूंना बांधकाम आणि मध्ये बाग, अशी त्याची कल्पना होती. ती टिकली नाही. जमिनीचा भाव वाढत गेला तशा चारही बाजू बांधल्या गेल्या, मजले चढले, बहुतेक बागा गिळल्या गेल्या. मी आज बराच वेळ दोन नकाशे शेजारी ठेवून पाहत होते, त्याचा आणि आजचा. इमारतींबद्दलचा त्याचा नियम वाकला. रस्त्यांबद्दलची रेष मात्र कुणालाही वाकवता आली नाही. आणि ती शाबूत राहिली म्हणूनच, २०१६ पासून, पोब्लेनोऊ भागापासून सुरुवात करून, तीन बाय तीन चौक एकत्र करायचे, आतल्या रस्त्यांवरून आरपार जाणारी वाहनं काढायची आणि ती जागा बाकांना, झाडांना, खेळणाऱ्या मुलांना द्यायची, हे करता आलं. बागा खाजगी चौकांत होत्या, त्या गेल्या. रस्ता सार्वजनिक होता, तो परत मिळवता आला. उद्याच्या चर्चेत मी हेच मांडणार आहे: जे खरोखर टिकावं असं वाटतं ते सार्वजनिक जमिनीवर ठेवा.

ब्राझीलियाबद्दलही वाचलं, थोडक्यात लिहिते. नगररचनाकार लुसिओ कोस्ताच्या आराखड्यावर उभी राहिलेली ब्राझीलची ही राजधानी १९६० मध्ये सुरू झाली. पण तिथे राबणाऱ्या कामगारांची टागुआटिंगा ही वेगळी वसाहत १९५८ मध्येच, मुख्य शहरापासून दूर, वसवावी लागली होती. शहर बांधणाऱ्यांना त्याच शहराच्या नकाशात घर नव्हतं. आमच्या स्टुडिओतल्या लोकसंख्येच्या अंदाजात बांधकामावरच्या मजुरांचा रकाना नाही. तो मी घालते आहे.

रविवार

अंतिम शीटसाठी निर्णय घेतले. मोठे रस्ते थोडेच, साधारण एक किलोमीटरच्या अंतरावर, पण पुरेसे रुंद, म्हणजे बस आणि चालणारी माणसं दोघांनाही जागा राहील. आतले छोटे रस्ते आज ठरवायचे नाहीत. ते पुढे तिथल्या मालकांसोबत ठरावेत. त्यासाठी जमीन एकत्र करून पुन्हा वाटण्याची पद्धत सुचवते आहे. फ्रँकफर्टमध्ये १९०२ च्या कायद्याने ती रुजली आणि जपानने खूप मोठ्या प्रमाणावर वापरली. सगळे मालक जमीन एकत्र आणतात, प्रत्येकाकडून समजा तीस-चाळीस टक्के जमीन रस्ते, शाळा, बागांसाठी जाते आणि उरलेली नीट आकाराच्या, रस्त्याला लागून असलेल्या भूखंडांत त्यांनाच परत मिळते. कुणा एकाच्याच दारातून रस्ता जातो आणि शेजारी फुकट श्रीमंत होतो असं होत नाही. माझ्या मते रस्त्याच्या रेषेचा भार वाटून घेण्याचा याहून न्याय्य मार्ग आमच्या अभ्यासक्रमात दुसरा नाही. भाडेकरूंना आणि कागद नसलेल्यांना यात काय मिळतं, हा मात्र त्याचा कच्चा दुवा. त्यासाठी सार्वजनिक हिश्श्यातून घरांची जागा राखून ठेवते आहे.

ओढ्याच्या दोन्ही काठांना पट्टा मोकळा सोडला. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये चंगेचॉन प्रवाह झाकून त्यावर उन्नत महामार्ग बांधला होता. पुढे तो पाडून २००५ मध्ये जवळपास सहा किलोमीटरचा प्रवाह पुन्हा उघडावा लागला, आणि तेव्हाही पाणी पंपाने आणून सोडावं लागलं. आमचा ओढा अजून स्वतःहून वाहतो आहे.

मुख्य रस्ता मी पूर्वेकडे सरकवला, जुन्या बैलगाडीच्या वाटेवर. लोक त्या वाटेने आधीपासूनच जातात, तिच्या कडेची घरंही मागे हटून बांधलेली आहेत. लांबी थोडी वाढते, प्रवासाचा वेळ वाहतुकीच्या गणिती मॉडेलमध्ये किंचित जास्त दिसतो. ज्यूरीत, म्हणजे परीक्षकांसमोर, पहिला प्रश्न यावरच येईल, म्हणून दोन्ही पर्यायांचा तक्ता तयार ठेवलाय: वेळ, खर्च आणि तिसऱ्या रकान्यात, त्याच आकाराच्या अक्षरात, हलवावी लागणारी घरं. शाळेचा भूखंड अजून बसत नाही. ओढ्याच्या पश्चिमेला ठेवला तर निम्म्या मुलांना मोठा रस्ता ओलांडावा लागतो. रात्री अजून एकदा चालण्याची अंतरं काढून बघते.