दादाचं घर का विकलं

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तुम्ही म्हणजे कुणी एक नाही. लग्नकार्यात भेटणारे, आईची तब्येत विचारायला फोन करून लगेच घराच्या विषयावर येणारे, दादाच्या ऑफिसातले, आणि ते घर ज्यांनी आयुष्यात पाहिलेलं नाही असेही. प्रश्न एकच असतो: दादाचं घर एवढ्या घाईने का विकलंत? त्याच्या पोटात दुसरा असतो, तो माझ्यासमोर सहसा कुणी काढत नाही: आईच्या मनात नसताना तू तिला विकायला लावलंस का?

दादा कसा गेला ते तुम्हाला माहीत आहे, ते सोडून देते.

आधी हे, की घर मी विकलेलं नाही. मला विकताच आलं नसतं, कारण ते माझं कधी झालंच नाही. दादाचं लग्न झालेलं नव्हतं आणि त्याने मृत्युपत्र केलेलं नव्हतं. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात पुरुषाच्या मागे पहिल्या वर्गात मुलगा, मुलगी, बायको आणि आई येतात. बहीण दुसऱ्या वर्गात. वडीलसुद्धा दुसऱ्याच वर्गात, म्हणजे बाबा असते तरी आईपुढे त्यांना काही मिळालं नसतं. पहिल्या वर्गात एक जरी माणूस हयात असला तरी दुसऱ्या वर्गाचा नंबर लागत नाही. आमच्याकडे ते एक माणूस होतं. ऐंशीच्या घरातली बाई आपल्या मुलाची एकटी वारस झाली.

वकिलांनी हे समजावून सांगितलं तेव्हा आई शेजारीच बसली होती. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मला कशाला?" वकिलांना वाटलं तिला कळलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिला पहिल्यांदाच कळलं होतं.

"पण सोसायटीत नॉमिनी तर तूच होतीस!" हे म्हणणाऱ्यांचे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, मग घर तुझंच होतं, म्हाताऱ्या आईला कचेरीत का फरफटत नेलंस? दुसरा म्हणतो, नॉमिनी होतीस म्हणून घशात घातलंस. दोन्ही पक्षांना एकच उत्तर आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. महाराष्ट्रात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांच्या कायद्यात बदल झाला, तेव्हापासून नॉमिनीला 'तात्पुरता सभासद' म्हणूनच घेतात, खरे वारस ठरेपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत हे १९८३ साली सांगितलं आणि शेअरच्या बाबतीत २०२३च्या डिसेंबरात पुन्हा सांगितलं. दादाने फॉर्मवर माझं नाव लिहिलं ते फॉर्ममध्ये रकाना होता म्हणून. आईचं लिहिलं नाही, कारण आई आपल्यामागे राहील असं कुठलाच मुलगा धरून चालत नाही.

आता घाई. ज्यांना ही घाई वाटते त्यांनी एकदा हे कागद गोळा करून बघावेत. घेणाऱ्यांना कर्ज काढायचं होतं, आणि त्यांच्या बँकेला आईच वारस आहे याचा कोर्टाचा कागद हवा होता. एका जाणकार नातेवाइकांनी छातीठोकपणे सांगितलं की उत्तराधिकार प्रमाणपत्र काढा. ते निघतं ठेवी, शेअर, येणं यांच्यासाठी. घराला ते लागत नाही. घराला लागतं ते वारस प्रमाणपत्र, आणि ते दिवाणी न्यायालय आजही १८२७च्या मुंबई रेग्युलेशनखाली देतं. पेशवाई बुडून दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हाचा हा नियम. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस: 'अमुक यांचे निधन झाले असून कुणाचा हक्क, हितसंबंध असल्यास लेखी कळवावे.' नोटीस आली त्या दिवशी आईने पेपर वाचला नाही. रोज वाचते. हरकत कुणी घेतली नाही. आज मला प्रश्न विचारणाऱ्यांपैकीही कुणी घेतली नाही.

विकायचं कारण? कर्ज. दादाच्या कर्जाला विमा नव्हता. तो गेला तरी हप्ता दर महिन्याला चालूच होता, शिवाय सोसायटीचं मेंटेनन्स. आईचं निवृत्तिवेतन आणि माझा पगार यांतून ते भागत होतं आणि भागत नव्हतं. "भाड्याने द्यायचं होतंत" असं म्हणणाऱ्यांसाठी: भाडं हप्त्याच्या निम्म्यालाही पुरत नव्हतं. हा हिशेब मी कितीतरी जणांना तोंडी सांगितलाय. ऐकून घेतात, मान डोलावतात आणि म्हणतात, "तरी पण."

बरं, तरी पण.

हप्ता नसता तर आम्ही ते घर ठेवलं असतं का? मला नाही वाटत. मला ते ठेवायचं नव्हतं. दादाने विजेच्या बटणांवर बारीक अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: गॅलरी, गीझर, देवघर. एका बटणावर लिहिलं होतं, 'हा कशाचाच नाही'. बंद घराची हवा बदलायला मी जायचे तेव्हा दर वेळी ते बटण दाबून बघायचे. घर बघायला आलेल्या प्रत्येकाने मला त्याबद्दल विचारलं आणि प्रत्येक वेळी मी हसून उत्तर दिलं. असं हसण्याची सवय लागायच्या आत मला त्यातून सुटायचं होतं. याला स्वार्थ म्हणायचं असेल तर म्हणा. आईला सुटायचं होतं का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तुमचा खरा प्रश्न तोच आहे हे मला कळतं. त्यासाठी नोंदणीच्या दिवसाबद्दल सांगायला हवं. त्या दिवसाचं एक वाक्य मावशीने तुम्हा सगळ्यांना सांगितलेलं आहे. एकच.

दुय्यम निबंधकांच्या कचेरीत सकाळची वेळ मिळूनही आमचा नंबर दुपारी लागला. घेणारं जोडपं तरुण होतं, बाईंना दिवस गेलेले होते आणि बसायला जागा एकाच बाकावर होती; आई आणि त्या शेजारी शेजारी बसल्या. काय बोलल्या मला माहीत नाही. मावशी ओळख पटवणारी म्हणून आली होती. आई हीच ती, असं सांगायला दोन माणसं लागतात. दस्तावर तशी ओळच असते, की खालील इसम दस्तऐवज करून देणाऱ्यास व्यक्तिशः ओळखतात.

आत बोलावलं. अधिकारी सभ्य होते. रोज असे कितीतरी दस्त बघणाऱ्या माणसाने आईकडे मान वर करून बघितलं, हे मी त्यांच्या बाजूने सांगेन. वयस्कर बाई बघून असेल, त्यांनी नेहमीच्या कबुलीच्या प्रश्नाला जोड दिली. "आजी, हे घर तुम्ही यांना विकताय. स्वतःच्या इच्छेने ना? कुणाची जबरदस्ती नाही?"

आई म्हणाली, "इच्छा कसली? माझं कुठे होतं ते."

मावशीने तुम्हाला सांगितलं ते हे वाक्य. आई अगदी हेच म्हणाली, मी नाकारत नाही. ऑपरेटरचे हात कीबोर्डवर थांबले. घेणाऱ्यांचा एजंट माझ्याकडे असा बघायला लागला की पढवून का आणलं नाहीत. आणि अधिकाऱ्यांनी दस्त बाजूला सारला. "तुम्ही बाहेर जाऊन आजींशी नीट बोलून घ्या. मग या. करून देणाऱ्याने कबूल केल्याशिवाय मला नोंदवता येत नाही."

मावशी आतच थांबली. आम्ही दोघी बाहेर आलो. जिन्याजवळ झेरॉक्सवाल्याच्या टेबलापाशी एक खुर्ची रिकामी होती, तिथे तिला बसवलं आणि मी समोर उभी राहिले. म्हटलं, "तुला नको असेल तर आत्ता परत जाऊ. खरंच. मी सांगते त्यांना."

तिने विचारलं, "विसार परत द्यावा लागेल ना?"

"हो."

"तो तर कर्जात भरला आपण."

"बघू काहीतरी. मी उभे करीन."

"आणि हप्ता?"

"तो चालू राहील."

ती जरा वेळ थांबली. मग म्हणाली, "मग विचारतेस कशाला?"

आणि उठली. माझा हात न धरता आत गेली. अधिकाऱ्यांसमोर उभी राहून, बसा म्हटलं तरी न बसता, शाळेत हजेरी द्यावी तशा आवाजात म्हणाली, "हो. मी विकते आहे. माझ्या इच्छेने." 

यानंतर आणखी एक व्हायचं होतं. यंत्र तिचा अंगठा घेईना. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांच्या रेषा झिजतात, त्यात तिचे हात आयुष्यभर पाण्यात. पुसून बघितलं, ओला करून बघितला. ऑपरेटर म्हणाला, "आजी, दाबा जोरात." एजंट पुढे होऊन तिचा अंगठा स्वतः दाबायला लागला, तेव्हा मी त्याच्यावर ओरडले. आख्ख्या दिवसात मी आवाज चढवला तो तेवढाच, आणि मावशीने तोही सांगितलाय, फक्त मी कुणावर ओरडले ते गाळून. शेवटी ठसा आला. फोटो काढला. त्या फोटोत आईची नजर कॅमेऱ्याकडे नाही.

आता मला सांगा, तिची इच्छा होती की नव्हती?

मावशी पहिल्या वाक्यावर थांबते. मी बरेच दिवस शेवटच्या वाक्यावर थांबत होते. विचारणाऱ्याला सांगायचे, "तिने तीन माणसांसमोर स्वच्छ सांगितलंय, माझ्या इच्छेने." खोटं त्यात काही नव्हतं. पण त्या दोन वाक्यांच्या मधलं "मग विचारतेस कशाला" हे मी कुणाला सांगत नव्हते, आणि मला राहून राहून आठवतं ते तेच. त्याचा अर्थ 'माझं ठरलंय, उगाच विचारू नकोस' असा होतो. 'सगळं तूच ठरवून आणलंस, आता विचारायचं नाटक कशाला' असाही होतो. आई दोन्ही एकाच सुरात म्हणू शकते.

तेव्हाची मी म्हणते: तुझ्या हातात होतं काय? कर्ज तू काढलं नव्हतंस, कायदा तू लिहिला नव्हतास, आणि परत जायला तू तयार होतीस. आताची मी विचारते: विसार कर्जात भरून टाकल्यावर 'परत जाऊ' म्हणण्याला किती किंमत असते? तेव्हाची म्हणते, विसार न घेता कोण व्यवहार करतं? तेही खरं. या दोघींचं भांडण मिटलेलं नाही, आणि मिटावं म्हणून मी हे लिहीतही नाही.

पैशांचं काय केलं, हेही विचारता, आडून आडून. सांगते. वारशाने घर मिळालं म्हणून कर नसतो. आपल्याकडची इस्टेट ड्युटी १९८५ सालीच गेली. विकल्यावर मात्र भांडवली नफ्यावर असतो. त्यात दादाने ज्या किमतीला घर घेतलं तीच आईची किंमत धरतात, आणि त्याच्याकडे ते जितकी वर्षं होतं ती वर्षंही आईच्या नावावर मोजतात. मला हे वाचून बरं वाटलं होतं, का ते विचारू नका. २३ जुलै २०२४च्या आधी घेतलेलं घर असल्यामुळे दोन्ही हिशेब करून बघता आले: साडेबारा टक्के सरळ, किंवा महागाईचा निर्देशांक लावून वीस टक्के. सीएंनी कर वाचवायला सरकारी बाँड सुचवले, सहा महिन्यांच्या आत घ्यायचे, पन्नास लाखांची मर्यादा, पैसे पाच वर्षं अडकणार. आई म्हणाली, "आधी मी पाच वर्षं अडकणार का ते विचारा त्यांना." सीए हसले नाहीत, आम्ही दोघी हसलो. मग तिने सांगितलं, कर भरून टाका. कर्ज फिटलं, कर भरला, उरलेले पैसे तिच्या नावावर ठेवीत आहेत. ठेवीवर नॉमिनी मी आहे. होय, पुन्हा मीच. दुसरं कुणी उरलेलं नाही.

राहता राहिली आई. मावशीला तिने सांगितलं, पोरीने विकायला लावलं. शेजारच्या काकूंना सांगितलं, कर्ज होतं, मीच विकलं, डोक्यावर ओझं कशाला ठेवायचं. दोन्ही वेळा मी त्याच खोलीत होते आणि दोन्ही वेळा तिला माहीत होतं की मी ऐकतेय. मी काही बोलले नाही.

यापुढे मला कुणी विचारलं तर मी हेच वाचायला देणार आहे. आणि घर जिचं होतं तिला एकदाही न विचारता तुम्ही सगळे मलाच का विचारता, हे मला अजून कळलेलं नाही. तिचा नंबर तुमच्याकडे आहे. दुपारी झोपते, चारनंतर फोन करा.