सहा उंदीर आणि आईचा फोन

आज शॉक ट्यूबवर, म्हणजे स्फोटासारखी दाबाची लाट सोडणाऱ्या नळीवर, सहा उंदीर झाले. नळीच्या एका टोकाला हेलियम भरत जायचा. दाब पुरेसा झाला की मधला मायलारचा, म्हणजे पातळ प्लास्टिकचा, पडदा फाटतो आणि लाट सुटते. कानांवर मफ असूनही छातीत धप्प होतंच. उंदीर आयसोफ्लुरेनच्या भुलीखाली गाढ झोपलेला. तुलनेसाठीच्या कंट्रोल गटालाही तीच भूल, फक्त लाट नाही. स्क्रीनवर दाबाची रेघ एकदम उभी चढते, काही मिलिसेकंदांत ओसरते, शून्याखाली जरा बुडून वर येते. ती बघायला मला अजूनही आवडतं, काय करणार!

दुपारी मागच्या आठवड्यातला १४ नंबरचा उंदीर पाण्यात, स्मरणशक्तीच्या चाचणीला. गढूळ केलेलं पाणी, खाली लपलेला चौथरा. पठ्ठ्या भिंतीला धरून नुसता गोल गोल. शेवटी मीच उचलून चौथऱ्यावर ठेवला, तर बसून मिशा पुसायला लागला.

तेवढ्यात आईचा फोन. "उंदरांवर बाँब टाकतेस म्हणे?" तिला सांगितलं, इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या आणि तिथे स्फोटांचे धक्के बसलेल्या कित्येक सैनिकांचं मेंदूचं स्कॅन स्वच्छ येतं, पण झोप नाही, काही लक्षात राहत नाही. १९१५ मध्येच चार्ल्स मायर्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं सैनिकांच्या अशाच त्रासासाठी 'शेल शॉक' हा शब्द छापला होता, तरी आपण अजून चाचपडतोय. त्यात उंदराचा मेंदू गुळगुळीत, आपला अक्रोडासारखा. त्याला दिलेला दाब माणसाच्या हिशेबात बसवताना नाकी नऊ येतात.

आई म्हणाली, "बरं, जेवलीस का?"

१४ नंबरचा मेंदू उद्या सकाळी काढायचाय. उंदरांना नावं द्यायची नाहीत, हे पहिल्याच महिन्यात शिकले.